एकूण २७

दादाने कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता. तिरका, कोपऱ्यात त्याचा अंगठा आणि पानाच्या मध्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. गावाकडचा रस्ता रुंद होणार आणि त्यात आमच्या खळ्यापुढची पट्टी जाणार, हे कधीपासून ऐकत होतो. संयुक्त मोजणी झाली, खुणेचे दगड पडले, हरकतींची तारीख येऊन गेली. आता मोबदल्याचा तक्ता आला होता. मी बोटांनी मोठा करून वाचायला घेतला. गट नंबर, हेक्टर-आर, दर, गुणक. शेवटच्या पानावर जमिनीवरच्या वस्तूंचा गोषवारा: आंबा कलमी ९, फणस ३, नारळ ७, काजू ५, रातांबा २, विहीर (जांभा, बांधीव) १. पुढच्या रकान्यात प्रत्येकाचे रुपये. आणि तक्ता बनवणाऱ्याने खाली रुपयांची बेरीज करता करता संख्येच्या रकान्याचीही बेरीज करून टाकली होती. एकूण २७.

सत्तावीस काय?

आधी हसूच आलं. कुणावर राग काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. संगणकाला दोन रकाने दाखवून बेरीज मागितली की तो देऊन मोकळा होतो, फणस कुठला आणि विहीर कुठली याच्याशी त्याला काय देणंघेणं. दादाला लिहिलं, ‘विहीर धरून सत्तावीस झाडं निघाली की आपली.’ त्याने हसरी तोंडं पाठवली. पण रात्री ओटा पुसताना तो आकडा पुन्हा डोक्यात आला, आणि मग जाणवलं की शेजारच्या रकान्यातली बेरीज मी अगदी गंभीरपणे वाचली होती. तिथेही नऊ आंबे, तीन फणस आणि एक विहीर यांचीच बेरीज होती, फक्त रुपयांत. ती मला खटकली नव्हती. उलट लगेच मनातल्या मनात तिचे वाटे पाडून आमच्या वाट्याला किती येतील ते बघूनही झालं होतं. फणस आणि विहीर एकमेकांत मिळवता येत नाहीत हे शेंबड्या पोराला कळतं. मग त्यांचे रुपये झाले की असं काय होतं की ते मिळवता येतात?

या तक्त्यामागचं काम कसं चालतं ते दादाने सांगितलं. मोजणीला तो गावीच होता. जमीन भूमी अभिलेखवाले मोजतात. फळझाडं कृषी खात्याकडे, साग-किंजळ असली लाकडाची झाडं वन खात्याकडे, आणि विहीर, गडगा म्हणजे दगडी कुंपण, पडवी हे सार्वजनिक बांधकामकडे. जमिनीच्या दरासाठी आसपासची आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं काढायची, त्यातली चढ्या भावाची निम्मी घेऊन सरासरी काढायची, ती रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारी दरपत्रकाशी, ताडून बघायची आणि जे जास्त ते धरायचं. झाडाचं वय, वर्षाला येणारं फळ, त्यावरचा खर्च, अजून किती वर्षं धरेल, असं करत करत एक आकडा निघतो. विहिरीचा व्यास, खोली, बांधकाम किती घनमीटर, आणि त्यातून घसारा वजा. गंमत अशी की कलम जुनं होतं तशी काही काळ त्याची किंमत चढत जाते आणि विहीर जुनी होते तशी उतरत जाते. आमची विहीर पणजोबांनी पाडलेली. मे महिना संपत आला की वाडीतल्या बऱ्याच विहिरी तळ दाखवतात, हिच्यात तेव्हाही पुरुषभर पाणी असतं. आत उतरायला पायऱ्या नाहीत, जांभ्यात कोरलेल्या खोबण्या आहेत. पावसाळ्यात त्यांतून नेचे फुटतात. काठावरून वाकून हाक मारली की आवाज जरा जाड होऊन परत येतो. एक कासवही आहे. ते कुणी सोडलं आणि किती वर्षांचं आहे, यावर घरात आजवर एकमत झालेलं नाही. तर या विहिरीच्या खणाईला किंमत लागली, दगडाला लागली, बांधाईला लागली. पाण्याला नाही. पाणी मूल्यांकनात कुठे बसत नाही हे एका साहेबांनी दादाला शांतपणे समजावलं, आणि दादा म्हणतो, त्यांचं म्हणणं तसं बरोबर होतं.

मग या सगळ्यावर दिलासा रक्कम. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात, जमीन मालकाच्या मर्जीविरुद्ध घेतली म्हणून बाजारभावावर १५ टक्के वाढवून द्यायची सोय होती. १९८४ च्या दुरुस्तीने त्याचे ३० टक्के झाले. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्यात १०० टक्के. जेवढी किंमत, तेवढाच दिलासा. हा रकाना मी बराच वेळ बघत बसले. बाकीचे आकडे निदान कशाचे तरी आहेत, दगडाचे, लाकडाचे, फळाचे. हा आकडा जीव तुटण्याचा, आणि तोही किमतीच्या प्रमाणात. हमरस्त्याला लागून ज्याची जमीन, त्याचा जीव जास्त तुटतो. आतल्या कातळावरच्या माणसाचा कमी. आजोबांच्या काळी तर तो जेमतेम पंधरा टक्के तुटायचा. थट्टा करायला सोपं आहे हे, पण दुसरं करणार काय? अधिकाऱ्याने प्रत्येकाच्या पडवीत बसून तुम्हाला किती वाईट वाटलं असं विचारावं? मग जो मोठ्याने रडेल त्याला जास्त मिळेल, आणि आमच्या वाडीत मोठ्याने रडणारे कोण आणि गप्प बसणारे कोण हे साऱ्यांना ठाऊक आहे. सरसकट टक्का त्यातल्या त्यात बरा. तो कुणाचं तोंड बघत नाही.

माप म्हटलं की मला मात्र आजीचा हात आठवतो. दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, आम्ही शाळेत किलो आणि लिटरच शिकलो, पण माजघरात कणगीपाशी अजून पायली, अडशेरी, शेर, मापटं, चिपटं यांचंच राज्य होतं. शेर पितळेचा, काठाला झिजून इतका पातळ झालेला की बोट फिरवायची भीती वाटे. पहिलं माप पडलं की आजी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायची. मग दोन, तीन. भात ओतताना कोरडा खसखस आवाज यायचा, तांदूळ ओतताना जरा चकचकीत, कुळीथ ओतताना टपोरा. वजनाच्या हिशेबाने बघितलं तर या मापाला काही अर्थ नाही, भाताची पायली हलकी आणि तांदळाची जड. तरी सगळा व्यवहार त्यावर चाले. किनाऱ्याकडची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि सुकट-बोंबील भातावर द्यायची. तिच्यासाठी आजीने वेगळं लाकडी माप ठेवलं होतं, नाहीतर तांदळाला वास लागतो. किती भाताला किती बोंबील हे त्या दोघींना पाठ होतं, आणि दर वर्षी दोघी ते नव्याने, जणू पहिल्यांदाच भेटत असल्यासारख्या, भांडून ठरवायच्या.

लावणीच्या दिवसांत मजुरीचा काही भाग भातात द्यायची पद्धत होती. गड्याला माप जास्त, बाईला कमी. का, असं कुणी विचारत नव्हतं. नांगर धरणं, चिखलणी करणं ही जड कामं, म्हणून गड्याला जास्त. एवढंच कारण, तेही न बोललेलं. डोक्यावर इरलं घेऊन दिवसभर पाण्यात उभं राहायचं, कमरेत वाकून एकेक रोप रोवत मागे मागे सरकायचं, हे जड की हलकं हे मापायची सोयच नव्हती. आजी एक करायची. गड्याचं माप ती तळहाताने पुसून सपाट करायची, आणि बाईचं शीग लावून द्यायची. काठाच्या वर निमुळती रास चढवायची, ती कडेने घरंगळायला लागली तरी वरून आणखी एक मूठ. घरंगळलेलं ती मागे ओढून घेत नसे. गड्यांच्या हे ध्यानात येत असणारच, पण बोललं कुणी नाही. आणि शीग लावूनसुद्धा बाईचं माप गड्याच्या मापाला पोचायचं नाही ते नाहीच. माझी आत्या तेव्हा तिच्या शेजारी उकिडवी बसून गोणीचं तोंड धरून ठेवायची.

हे आठवून हळवं व्हायला नको, असं मी स्वतःला बजावते. रुपया आला आणि जुनं गोड जग मोडलं, अशी कथा सांगायला आपल्याकडे सगळ्यांना आवडतं. न्हाव्याला, सुताराला वर्षाचं भात ठरलेलं होतं; दाढी किती केल्या आणि नांगराचा दांडा किती वेळा बदलला याचा हिशेब कुणी ठेवत नसे, हे खरं. पण कुणाचा वाटा खळ्यावर पहिला काढायचा आणि कुणी गडग्याच्या बाहेर उभं राहून उरलंसुरलं घ्यायचं, हेही ठरलेलंच होतं, आणि ते जातीने ठरलेलं होतं. ज्यांच्या वाट्याला गडग्याबाहेरची जागा आली त्यांची पुढची पिढी मुंबईला गिरणीत जाऊन महिन्याचा पगार मोजून घेऊ लागली, तेव्हा त्यांना नोटांचा कोरडेपणा खटकला असेल असं मला वाटत नाही. नोट घेणाऱ्याचं तोंड बघत नाही, हा तिचा मोठा गुण.

आमच्याच घरात मापाची एक जुनी गोष्ट सांगतात. ती जाणाऱ्या पट्टीतल्याच एका कलमाची आहे, गडग्याजवळच्या थोरल्या हापूसची. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली, भांडी वाटली, गणपतीची पाळी ठरली, आणि हे झाड मात्र सामाईक राहिलं. ते कुणाच्या हद्दीत धरायचं यावर वाद मिटेना. शेवटी पंचांनी तोडगा काढला: एक वर्ष थोरल्याने आंबा उतरवायचा, एक वर्ष धाकट्याने. वर्ष म्हणजे वर्ष, सगळ्यांचं सारखंच, याहून न्याय्य काय असणार? पण हापूस वर्षाआड धरतो. एका वर्षी फांद्या टेकायला लागतात इतका, आणि पुढच्या वर्षी नुसती पालवी. पाळी सुरू झाली ती नेमकी आजोबांच्या नावाने, भरलेल्या सालापासून. दर खेपेला आजोबांच्या खळ्यात गवताची अढी लागायची आणि धाकट्या आजोबांना लोणच्यापुरत्या कैऱ्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आजोबा म्हणायचे, पंचांसमोर ठरलंय. धाकटे आजोबा म्हणायचे, पंचांनी झाडाला विचारलं नव्हतं.

कित्येक वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. मग म्हणे गावच्या शाळेतल्या गुरुजींनी साधा उपाय सुचवला. पाळी एकेक वर्षाची नको, दोन-दोन वर्षांची करा. प्रत्येकाला एक भरलेलं आणि एक रिकामं मिळेल. लोकांना वाटलं, मिटलं. पुढे एका सालात मोहराच्या वेळी अवकाळी पाऊस पडला, भरायचं साल वाया गेलं, आणि झाडाने आपला फेरा बदलला. पुन्हा भांडण. आता दादा त्याला कल्टार, म्हणजे मोहर आणणारं औषध, घालतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे, आणि झाड दर वर्षी धरतं. विद्यापीठाने तर नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, तो मुळातच नेमाने फळतो. म्हणजे माप झाडाला लागू पडेना म्हणून शेवटी झाडच मापाला लागू पडेल असं करून घेतलं. मला त्यात वाईट वाटावं की नाही हे कळत नाही. आंबा चांगला येतो. दोन्ही घरं आता बोलतात.

आंबा कशाबरोबर मोजायचा हा प्रश्न आठ-नऊशे वर्षांपूर्वीही कुणाला पडला होता. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० च्या सुमारास लिहिलेल्या, एक गणित आहे. इथल्या बाजारात एका द्रम्माला तीनशे आंबे मिळतात आणि एका पणाला तीस उत्तम डाळिंबं. तर मित्रा, चटकन सांग, दहा आंबे देऊन किती डाळिंबं मिळतील? सोळा पणांचा एक द्रम्म, एवढं माहीत असलं की उत्तर येतं: सोळा. (चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तिकडच्या उन्हात उभं राहिलं की डाळिंबाचा भाव आचार्यांना कसा ठाऊक, हे विचारावंसं वाटत नाही.) दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, तीनशे आंबे एका नाण्याला? रायवळ असणार. मला मात्र त्यातले बारीकसे शब्द आवडले, इथल्या बाजारात. आंबा आणि डाळिंब यांच्यात मुळात काहीतरी समान आहे असं गणित म्हणतच नाही. आज, या गावच्या बाजारात, दोन्ही विकायला ठेवलेत आणि दोन्हींचे भाव लागलेत, म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर होतं. बाजार उठला की दहा आंबे पुन्हा आंबे.

पण जे बाजारात कधी ठेवलेलंच नसतं, त्याला भाव लावायचा प्रयत्न होतो तेव्हा काय होतं, ते २०२१ साली वाचायला मिळालं होतं. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि समितीने दर काढला: झाडाचं वय गुणिले ७४,५०० रुपये. त्यातले ४५,००० नुसत्या प्राणवायूचे, २०,००० खताचे. शंभरी बरीच ओलांडलेला वृक्ष असेल तर कोटीच्याही वर. या हिशेबाने आमचा गडग्याजवळचा हापूस ऐंशीचा धरला तर ५९ लाख ६० हजार होतात. तक्त्यातला आकडा त्याच्या आसपासही नाही, आणि समितीचा दर काही देशभर लागू झाला नाही. झाला असता तर एकही रस्ता झाला नसता. त्याच वर्षी महाराष्ट्राने शहरांसाठीच्या वृक्षकायद्यात बदल केला: जेवढं झाडाचं वय, तेवढी नवी रोपं लावायची. साठ वर्षांच्या वडाला साठ रोपं. इथे रुपयाही मध्ये नाही, झाडाबद्दल झाडच, वर्षाला एक. तरीही ती साठ काडीएवढी रोपं बांबूच्या आधाराने रांगेत उभी बघितली की वाटतं, याहून ते ७४,५०० बरे. रुपये निदान मी वड आहे असा आव तरी आणत नाहीत.

इथवर मी हे सगळं जरा लांबून बघत होते. मग आत्याचा विषय निघाला.

सातबाऱ्यावर आत्याचं नाव आहे. आजोबा गेल्यावर वारसांची नोंद झाली तेव्हा तिचंही लागलं, १९५६ च्या कायद्याने मुलगी वारस आहेच. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्राच्या दुरुस्तीने त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या आणि आत्या त्यांतलीच. पण कायद्याची भाषा आमच्या घरात कुणी बोलतच नव्हतं. कधीतरी मे महिन्यात, जेवणं झाल्यावर, तिने एका साध्या कागदावर सही केली: मला माहेरच्या जमिनीत काही नको. नोंदणी कुणी केली नाही, खर्च कशाला. तिला काय सांगितलं गेलं ते मला पाठ आहे, कारण ते वाक्य आमच्याकडे प्रत्येक मुलीला सांगतात: ‘माहेराला काय किंमत लावतेस?’ तिने नाही लावली. बदल्यात माहेर राहिलं. दर उन्हाळ्यात आंब्याची करंडी, दिवाळीला साडी, ती आली की तिच्या आवडीचं फणसाचं सांदण. आणि हे खोटं नव्हतं. काकांचा तिच्यावर जीव आहे, तिचं काही दुखलंखुपलं की रात्रीची गाडी पकडून जाणारे ते आहेत.

पण साधा कागद कार्यालयात चालत नाही, त्यामुळे मोबदल्याची नोटीस तिच्याही नावाने निघाली. सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र जोडल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. काका तिच्याकडे गेले, आणि तिने सांगितलं, सही करते, माझा हिस्सा माझ्या खात्यात टाका.

घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही. मलाही आधी चरचरलंच, खोटं कशाला बोलू. आत्या असं म्हणेल असं वाटलं नव्हतं. नंतर मात्र उलटं वाटायला लागलं. अमोल म्हणून जे जे तिला दिलं, त्या प्रत्येक वेळी जमिनीचे रुपये कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर राहत होते. मोल नाही लावता येत, हे ज्याच्या हातात जिन्नस आहे त्याने म्हणायला फार स्वस्त पडतं. घरकामाचं तेच आहे. आईची माया मोजता येत नाही, असं म्हणत म्हणत त्या मायेतले तास कुणी मोजले नाहीत; मोजले तेव्हा, २०१९ च्या वेळेच्या वापराबाबतच्या सरकारी पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी निघाली २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. अपघातात गृहिणी दगावली तर तिचं उत्पन्न किती धरायचं यावर न्यायालयांना वर्षानुवर्षं खल करावा लागतो. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की कमावत नव्हती म्हणून शून्य धरता येणार नाही. तो आकडा माणसाइतका कधीच नसतो. पण शून्य हाही आकडाच आहे, आणि तो आपण कसलंही गणित न करता धरून चालतो.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘तुझं सगळं बरोबर आहे, पण काकांना वाईट वाटलंय ते काय पैशाचं नाही.’ तेही मला खरं वाटतं. पैशाचंच असतं तर ते रागावले असते, दोन कडक शब्द बोलले असते. ते नुसते गप्प झाले. इतक्या वर्षांची करंडी ते मायेने पाठवत होते, आणि आता त्यांना वाटायला लागलं की समोरच्या बाजूने तिचा कधीपासून हिशेब चालू होता. तसा तो नव्हता असं आत्या म्हणते. मला वाटतं होता आणि नव्हताही. ज्या माणसाकडे देण्यासारखं काही नसतं त्याला मिळालेलं सगळं लक्षात ठेवावंच लागतं.

मग मे महिन्यात सगळे गावी जमलो. खळ्यात खुर्च्या मांडून, प्रांताच्या कार्यालयात द्यायच्या कागदांवर सह्या चालल्या होत्या. काकांनी बराच वेळ काही म्हटलं नाही, आणि मग एकदम, जरा थट्टेत, जरा नाही, बोलले, ‘हिस्सा बरोबर आहे तुझा, ताई. पण मग आजवर गेलेल्या करंड्या त्यातून वजा करू की नको?’

मी दादाकडे बघितलं. काकू आत निघून गेल्या. आत्याने पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पदराने पुसला, आणि म्हणाली, ‘कर की. पेटीच्या भावाने कर, मला चालेल. ज्या साली आंबा धरला नाही त्या सालीही मी आले होते, तेही बघ. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पावसाळाभर इथे होते, तिचं सगळं केलं, ते मांड. तेव्हाची लावणी, तीही उतरले होते मी तुझ्याबरोबर, ती मांड. नीट एकेक दिवस घे, मला घाई नाही.’

आणि कागद काकांच्या पुढे सरकवून ती म्हणाली, ‘फक्त रोज लावशील तो गड्याचा लाव. बाईचा नको.’